खुल्या सॉफ्टवेअरचे राहून गेलेले काम

शाळेला संगणक मिळतो त्या दिवशी फोटो निघतो. सरपंच, केंद्रप्रमुख, देणगीदार आणि मागे रांगेत मुले. तोच संगणक चार वर्षांनी कोणत्या अवस्थेत आहे, याचा फोटो कोणी काढत नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या शाळांत संगणक अनेक वाटांनी आले: लोकवर्गणीतून, सरकारी योजनांतून, कंपन्यांच्या सीएसआरमधून, कुठल्या तरी कार्यालयाने बदललेल्या जुन्या यंत्रांतून. यंत्रांची कमतरता अजून आहे, पण खरे अडते ते तिथे नाही, असे माझे मत आहे. सॉफ्टवेअरपाशीही अडत नाही. लहान मुलांसाठी जीकॉम्प्रिस आहे, चित्रांसाठी टक्स पेंट आहे, आकाश दाखवायला केस्टार्स, मूलद्रव्यांची सारणी उलगडायला कॅल्झियम, पृथ्वीचा गोल फिरवायला मार्बल. ही सगळी वीस-पंचवीस वर्षांच्या सामुदायिक मेहनतीतून उभी राहिलेली साधने आहेत. कोणीही उतरवून घ्यावीत, वाटावीत, बदलावीत. तरीही पाटण तालुक्यातल्या डोंगरावरच्या द्विशिक्षकी शाळेत किंवा जतच्या एखाद्या वस्तीशाळेत यांतले एखादे साधन रोजच्या वापरात दिसणे विरळाच.

कारण खुल्या सॉफ्टवेअरचे स्वातंत्र्य परवान्यात लिहिलेले असले, तरी शाळेच्या हातात ते दोन कामांमधून पडते. एक, ते सॉफ्टवेअर त्या शाळेच्या यंत्रावर नीट बसेल असे बांधून देणे. दुसरे, ते कसे आणि कशासाठी वापरायचे हे शिक्षकाच्या भाषेत लिहून ठेवणे. पॅकेजिंग आणि डॉक्युमेंटेशन. या क्षेत्रात सर्वांत कमी मान मिळणारी ही दोन कामे आहेत आणि माझ्या मते शाळांच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहेत. कोड लिहिणारे जगात भरपूर आहेत. साताऱ्यातल्या शाळेसाठी तो बांधणारे आणि मराठीत समजावून लिहिणारे इथलेच लोक असावे लागतील, दुसरीकडून कोणी येणार नाही.

पॅकेज बांधणे म्हणजे काय, ते थोडे सविस्तर सांगतो. एखादा प्रोग्रॅम चालायला आणखी दहा-वीस गोष्टी लागतात: अमुक लायब्ररीची अमुक आवृत्ती, फॉन्ट, आवाजाच्या फायली, भाषांतराच्या फायली. हे सगळे एकमेकांशी जुळवायचे, एका आज्ञेत बसेल आणि एका आज्ञेत निघेल असे करायचे, आणि पुढची आवृत्ती आली की पुन्हा तपासायचे. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली सुरू केलेला डेबियन हा प्रकल्प मुख्यतः याच कामावर उभा आहे. त्यातल्या प्रत्येक पॅकेजसोबत काय काय बदलले याची नोंदवही असते, कोणती फाइल कोणत्या परवान्याखाली आहे याची नोंद असते, आणि ते कोण सांभाळते हे लिहिलेले असते. प्रत्येक प्रोग्रॅमला माहितीचे पान असावे, अशीही तिथली अपेक्षा आहे. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती सांभाळणाऱ्याचा उल्लेख. जबाबदारी कोणाची, हे फायलीतच लिहिलेले असते. आपल्या शाळांतल्या संगणक कक्षांत हीच एक गोष्ट बहुधा सापडत नाही.

शाळेसाठी पॅकेज बांधणाऱ्याला मात्र डेबियनच्या नियमांपलीकडचे प्रश्न विचारावे लागतात. यंत्र किती जुने आहे, हा पहिला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला, आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप व प्रोसेसर जुन्या यंत्रांत नसतात. मग लिनक्स टाका, असे सांगणे सोपे आहे. पण ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटच्या जुन्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर देणे थांबवले. म्हणजे देणगीत आलेल्या दोन सीपीयूंपैकी एकावर नवी आवृत्ती बसेल, दुसऱ्यावर बसणार नाही, आणि कोणत्यावर बसेल हे डबा बघून कळत नाही. हा फरक ज्याला माहीत आहे त्याने तो एका पानावर लिहून ठेवला नाही, तर शिक्षक एक शनिवार घालवतील आणि पुन्हा त्या वाटेला जाणार नाहीत.

नेट आहे का, हा दुसरा प्रश्न. जावळी किंवा महाबळेश्वरच्या वाड्यांत रेंज येते-जाते. एका आज्ञेत शेकडो एमबी उतरवणारी पद्धत तिथे उपयोगाची नाही. सगळे काही एका पेन ड्राइव्हवर असले पाहिजे. हे जमते. कोलिब्री आणि किविक्स ही साधने नेटशिवाय चालावीत म्हणूनच घडवली गेली आहेत. एका यंत्रावर साहित्य ठेवायचे आणि खोलीतल्या वायफायवरून बाकीच्यांनी ते वाचायचे. मराठी विकिपीडियासुद्धा असा शाळेत ठेवता येतो. पण मुलांसाठी निवडलेले लेख, चालणारे फॉन्ट आणि मराठीतली सूचना यांसह तो पेन ड्राइव्ह तयार करणे हे कोणाचे तरी आठवड्यांचे काम आहे.

आणि तिसरा प्रश्न आपल्या भाषेचा. त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण बाहेरून सहज दिसत नाहीत अशा अडचणी इथे आहेत. प्राथमिकच्या मराठी माध्यमाच्या गणितात अंक देवनागरी आहेत. पडद्यावर इंग्रजी अंक आले, तर पहिलीच्या मुलाला खेळाआधी लिपी ओलांडावी लागते. मराठी ल आणि श यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमाला प्रमाणित केली तेव्हा ही रूपेही त्यात आली. बरेच फॉन्ट मात्र हिंदीचीच वळणे आधी दाखवतात. पहिलीतले मूल पाटीवर एक ल गिरवते आणि पडद्यावर दुसरा बघते. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळाली तीही २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. त्याआधीच्या फॉन्टमध्ये तिथे रिकामा चौकोन दिसू शकतो. आवाजाच्या फायलींचे आणखी वेगळे. जून २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ असे संख्यावाचन आले आणि राज्यभर वाद पेटला. संख्या मोठ्याने म्हणून दाखवणाऱ्या खेळासाठी मराठी आवाज ध्वनिमुद्रित करणाऱ्याला इथे निर्णय घ्यावा लागतो: एकवीस म्हणायचे, वीस एक म्हणायचे, की दोन्ही ठेवून निवड शिक्षकावर सोपवायची. मी दोन्ही ठेवण्याच्या बाजूचा आहे. पण मुद्दा असा, की हा निर्णय पॅरिसमध्ये किंवा बंगळुरूमध्ये बसलेला कोणी घेऊ शकत नाही. तो दुसरीच्या वर्गावर शिकवणाऱ्या बाईच घेऊ शकतात. पॅकेज बांधणाऱ्यांमध्ये त्यांना जागा हवी.

आता दुसरे काम, लिहिण्याचे. सॉफ्टवेअरची माहिती म्हटली की कोणते बटण काय करते याची यादी समोर येते. शिक्षकाला ती यादी नको असते. एका खोलीत पहिली ते चौथी बसली आहे, संगणक एक आहे, दुसरे सर केंद्रशाळेत बैठकीला गेले आहेत, अशा वेळी हा खेळ कोणत्या मुलांना, किती वेळ, कोणत्या पाठाच्या जोडीने द्यायचा, आणि उरलेली मुले तोवर काय करतील, हे त्याला हवे असते. बालभारतीच्या माध्यमिकच्या गणिताच्या पुस्तकांत जिओजेब्रा वापरून बघा, अशी सूचना ठिकठिकाणी आहे. ही चांगलीच गोष्ट. पण त्या सूचनेपासून वर्गातल्या तासापर्यंतचे अंतर कोणी भरायचे? मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ साली साल्झबुर्गमध्ये सुरू केलेले हे साधन सुंदर आहे. त्याचा कोड खुला आहे, पण इन्स्टॉलर आणि भाषांतरे यांवर गैरव्यावसायिक वापराची अट आहे. शाळेला त्याची अडचण नाही. फी घेऊन शिकवणी चालवणाऱ्याने मात्र ती अट आधी वाचायला हवी. हे सांगणारा एक परिच्छेदही मराठीत लिहून शिक्षकांपर्यंत पोचवण्याजोगा आहे.

माहिती लिहिण्याची शिस्त कशी असावी, याचे उत्तम उदाहरण मुंबईत आहे. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक कन्नन मौदगल्य यांच्या नेतृत्वाखालच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने खुल्या सॉफ्टवेअरवरचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आणि त्यांचा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत दिला. जिओजेब्रा, केटर्टल, टक्स टायपिंग असे शाळेचे विषयही त्यांत आहेत. पाठाची संहिता लिहून झाली की ती त्या विषयात अगदी नवख्या असलेल्या माणसाला देतात. ती वाचून त्याला काम जमले, तरच पुढे जातात. ही नवख्याची परीक्षा मला फार महत्त्वाची वाटते. जाणकाराने लिहिलेले जाणकाराला कळते, त्यात नवल नाही. आपल्या दोन जिल्ह्यांत मराठी माहितीपत्रक तयार झाले, तर ते आधी अशा शिक्षकाच्या हातात द्यावे ज्याने लिनक्स कधी उघडलेले नाही, आणि तो जिथे अडला ती प्रत्येक जागा पुन्हा लिहावी.

या भागाला असे लिहिणे नवे नाही. औंध संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या किर्लोस्करवाडीला १९१० साली कारखाना आला. १९२० साली तिथूनच ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते मुळात कारखान्याचे मुखपत्र म्हणून. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती ते पुढे मराठीतले मोठे मासिक झाले. पण त्याचा उगम मला इथे आठवतो तो यासाठी, की लोखंडी नांगर विकणाऱ्या कारखान्याला वस्तूबरोबर मजकूरही छापावासा वाटला, आणि तोही नांगर धरणाऱ्याच्या भाषेत. वाईला तर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश घडला. १९७६ साली पहिला खंड आला. राज्यभरातल्या अभ्यासकांनी नोंदी लिहायच्या आणि वाईत बसून त्या तपासायच्या, एकसारख्या करायच्या, संज्ञा पक्क्या करायच्या. ज्या जिल्ह्यात हे काम काही दशके चालले, तिथे जीकॉम्प्रिसची मराठी पुस्तिका लिहायला माणसे मिळणार नाहीत, हे मला पटत नाही.

अलीकडचे उदाहरण सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धतीने वर्ग बदलले आणि ते पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. त्या भेटींनी मोठे काम केले. पण भेटीतून काय पोचते आणि काय राहते, हेही तिथे दिसले. फरशीवरची रेखाटने झपाट्याने पसरली, त्यांच्यामागचा शिकवण्याचा विचार तेवढ्या वेगाने पसरला नाही, असे मला वाटते. डोळ्यांना दिसते त्याची नक्कल होते. विचार पोचवायला सविस्तर लिहावे लागते, शंका घ्याव्या लागतात, पुन्हा लिहावे लागते. सॉफ्टवेअरचे अगदी तसेच आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट इथल्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला एक्सओ लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला. ती यंत्रे आता बनत नाहीत. पण वर्गात बसून ठेवलेल्या त्या वेळच्या नोंदी अशाच प्रकारच्या शाळेत काम करू पाहणाऱ्याला आजही उपयोगी पडतात.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की आता सगळे मोबाइलवर आहे. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपमध्ये स्कॅन केला की व्हिडिओ सुरू होतो, मग जुन्या संगणकांशी झटापट कशाला? दीक्षा ज्या सनबर्ड या पायावर उभी आहे तो खुला आहे, ही आनंदाची गोष्ट. पण व्हिडिओ बघणे आणि केटर्टलमध्ये कासवाला आज्ञा देऊन चौकोन काढणे यांत फरक आहे. दुसऱ्यात मूल चुकते, का चुकले ते शोधते आणि दुरुस्त करते. त्यासाठी कळफलक लागतो आणि मुलाच्या ताब्यात दिलेले यंत्र लागते. पालकांचा फोन संध्याकाळी घरी येतो, हेही ध्यानात घ्यावे.

दुसरा आक्षेप भाषेचा: मुले शेवटी इंग्रजीतच शिकणार, मराठीचा खटाटोप कशासाठी? नॉर्वेत २००१ च्या जुलैमध्ये शाळांसाठी स्कूललिनक्स सुरू झाले, त्यामागचे एक कारणच आपल्या भाषेत सॉफ्टवेअर हवे हे होते. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती सुमारे ४५ लाख, आणि इंग्रजी तिथे बहुतेकांना येते. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. यंत्राकडून भाषांतर होईल, असेही आता म्हणतात. कच्चा खर्डा नक्की होईल, आणि तो वापरावाही. पण तो खर्डा त्या जुन्या यंत्रावर, त्या फॉन्टमध्ये, त्या बटणाच्या जागेत मावतो का आणि तिसरीच्या मुलाला कळतो का, हे माणसानेच बसून बघायचे आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा: स्वयंसेवक टिकत नाहीत. नोकरी लागली की जातात. ऑक्टोबर २०२० मध्ये एका मोठ्या स्पर्धेत टी-शर्ट मिळवण्यासाठी हजारो जणांनी खुल्या प्रकल्पांच्या माहितीपानांत निरर्थक बदल पाठवले. ते नाकारता नाकारता सांभाळणारे थकून गेले आणि आयोजकांना नियम बदलावे लागले. त्यात भारतीय विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. माहिती लिहिणे म्हणजे सोपे, फुटकळ काम, हा समज किती खोलवर गेला आहे ते तेव्हा दिसले. कंत्राटाची अवस्था याहून फारशी वेगळी नाही. केंद्राची शाळांसाठीची आयसीटी योजना डिसेंबर २००४ मध्ये आली. ठेकेदाराने संगणक बसवायचे, पाच वर्षे चालवायचे आणि मग शाळेला सोपवायचे, ही पद्धत आपल्याकडेही राबवली गेली. पाच वर्षांनी निदेशक गेला आणि त्याच्याबरोबर त्या यंत्रांविषयीचे सगळे ज्ञान गेले, कारण ते त्याच्या डोक्यात होते, कागदावर नव्हते. तेव्हा माणसे जाणारच, हे धरून काम आखावे लागते. माणूस गेल्यावर जे शिल्लक राहते ते लिहिलेले आणि बांधलेले.

सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात वालचंद लिनक्स यूजर्स ग्रुप नावाचा विद्यार्थ्यांचा गट अनेक वर्षे चालू आहे. दरवर्षी वरचा वर्ग बाहेर पडतो, आणि तरी गट मोडत नाही. मोठे विद्यार्थी धाकट्यांच्या लिनक्सच्या कार्यशाळा घेतात आणि काम त्यांच्या हाती देतात. टिकण्याचा प्रश्न या मुलांनी आपल्यापुरता सोडवला आहे. कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, राजारामनगरचे महाविद्यालय, रयत शिक्षण संस्थेची साताऱ्यातली महाविद्यालये, सगळीकडे असे गट होऊ शकतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले इथे जी संस्था काढली तिचे ब्रीदच स्वावलंबी शिक्षण आहे. शाळेने आपले संगणक आपण सांभाळावेत, ही त्या ब्रीदाची आजची सर्वांत स्वाभाविक मागणी आहे.

पण फक्त स्वयंसेवकांच्या बळावर हे होणार नाही, हेही मी तितक्याच ठामपणे म्हणतो. केरळने आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प २००१ साली सुरू केला आणि काही वर्षांत शाळांची सगळी संगणक व्यवस्था मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. त्यासाठी शिक्षक संघटनेने आग्रह धरला, आणि शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार केले गेले. त्यांना या कामासाठी वेळ देण्यात आला, पाठ्यपुस्तके त्याप्रमाणे लिहिली गेली, आणि दर काही वर्षांनी राज्याची स्वतःची लिनक्स आवृत्ती निघू लागली. आपल्याकडे मार्च २०१५ चे केंद्राचे मुक्त सॉफ्टवेअर धोरण आहे, २०१२ चे शालेय आयसीटी धोरणही आहे. दोन्हींचा कौल खुल्या सॉफ्टवेअरकडेच आहे. कमी आहे ती माणसाच्या वेळेची तरतूद.

ती तरतूद करायला आता एक वाट आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प आणि समाजसहभाग यांना श्रेयांक आहेत. अनेक ठिकाणी ते वृक्षारोपणाच्या अहवालात संपतात. त्याऐवजी दोन विद्यार्थ्यांनी एक सॉफ्टवेअर घ्यावे, एका जिल्हा परिषद शाळेच्या खऱ्या यंत्रावर ते बसवावे, पॅकेजमधली अडचण मूळ प्रकल्पाला कळवावी, दुरुस्ती झाली तर ती डेबियनमध्येच जावी म्हणजे पुढच्याला पुन्हा तेच करावे लागणार नाही, आणि मराठीत आठ पानांची पुस्तिका लिहावी. गुण त्या शाळेतल्या शिक्षकाने पुस्तिका वाचून एकट्याने ते पुन्हा बसवले तरच मिळावेत. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत अर्धा तास या पुस्तिकांना द्यावा. फलटण आणि सांगलीच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांनी त्या तपासून, युनिकोडमध्ये, बदलता येतील अशा स्वरूपात एका ठिकाणी ठेवाव्यात. युनिकोडचा आग्रह अशासाठी, की आपल्या शिक्षकांनी गेल्या वीस वर्षांत केलेल्या कितीतरी उत्तम स्वाध्यायपत्रिका जुन्या, प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या फॉन्टमध्ये अडकल्या आहेत आणि नव्या यंत्रावर त्या उघडल्या की अगम्य चिन्हे दिसतात.

जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या कन्नड माध्यमाच्याही शाळा आहेत. तिथल्या शिक्षकाला मराठी पुस्तिका वाचता येईल, मुलाला पडदा मात्र कन्नड हवा. पॅकेज नीट बांधलेले असेल, तर भाषा बदलणे हे एका निवडीचे काम आहे, आणि यांतल्या बऱ्याच साधनांची कन्नड भाषांतरे पुरी-अपुरी का होईना आधीपासून आहेत. सुरुवात तिथूनच करावी, असे मी सुचवीन: एक मराठी शाळा, शेजारची एक कन्नड शाळा, एकच पेन ड्राइव्ह, आणि तो सांभाळणाऱ्यांची नावे त्यावरच्या पहिल्या फायलीत.